तेवीस किलोहर्ट्झचं गाणं

कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटर आत समुद्रात गोर्गोना नावाचं बेट आहे. घनदाट वर्षावन, भरपूर साप आणि जगात इतर कुठेही न सापडणारा एक निळा सरडा, ही त्याची ओळख. या बेटावर एक किडा राहतो. हिरवं अंग, लांबच लांब मिशा आणि दोन डोळ्यांच्या मध्ये कपाळावर एक शिंग. २०१० सालापर्यंत विज्ञानाच्या दफ्तरी त्याला नाव नव्हतं. त्या वर्षी फर्नांडो मॉन्टेअलेग्रे-झेड आणि मॅथ्यू पोस्टल्स या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला आणि तो किडा ‘कोपिफोरा गोर्गोनेन्सिस’ झाला.

इंग्रजीत अशा किड्यांना केटीडिड म्हणतात. अमेरिकेतल्या एका जातीचं ओरडणं तिथल्या लोकांना ‘केटी डिड, केटी डिडन्ट’ असं ऐकू आलं, म्हणून हे नाव. आपल्याला नाही का पावशा ‘पेरते व्हा’ म्हणताना ऐकू येतो, तसंच. मराठीत याला वेगळं रूढ नाव नाही. कोणी नाकतोडा म्हणेल, कोणी रातकिडा. नात्याच्या दृष्टीने तो रातकिड्याला जास्त जवळचा. मिशा अंगापेक्षा लांब दिसल्या की नाकतोडा बाद, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि जीवशास्त्र बारावीलाच सुटलं. तरी या निबंधाशी माझी गाठ पडली ती एका आकड्यामुळे. हा किडा २३ किलोहर्ट्झवर गातो. ध्वनीच्या फाइलींशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, तो या आकड्यापाशी थबकतोच. तरुण, निरोगी माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. सीडीवरचं संगीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन साठवतात, आणि नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झ. व्हिडिओसाठी ४८,००० नमुने घेतात. त्याची मर्यादा २४. हा किडा बरोबर त्या दोन मर्यादांच्या फटीत गातो. आपल्या खिशातल्या फोनमधली व्हॉइस नोट तर माणसाच्या आवाजापलीकडचं बहुतेक सगळं फेकूनच देते. तुम्ही गोर्गोनाच्या जंगलात रात्रभर फोन चालू ठेवून बसलात, शेजारच्या पानावर हा गडी जीव तोडून गात असला, तरी घरी येऊन प्ले केल्यावर फक्त पाऊस आणि बेडूक ऐकू येतील.

मग प्रश्न असा, की जो आवाज कोणालाच ऐकू येत नाही, तो ओळखपत्रावर लिहिला कसा गेला? याचं उत्तर शोधताना मला तीन वेगवेगळे इतिहास सापडले. एक बेटाचा, एक यंत्राचा आणि एक नाव देण्याच्या पद्धतीचा.

बेटाचा इतिहास रक्ताळलेला आहे. १५२७ साली फ्रान्सिस्को पिझारो पेरूच्या सोन्यामागे निघाला असताना त्याची मोहीम या किनाऱ्यावर अडकली. उपाशी, आजारी माणसं परत जायचं म्हणत होती. गायो नावाच्या बेटावर त्याने वाळूत तलवारीने रेघ ओढली आणि ज्यांना पुढे यायचंय त्यांनी ती ओलांडावी म्हणून सांगितलं, अशी कथा आहे. तेरा जण राहिले. मदतीचं जहाज येईपर्यंत त्यांनी पुढचे महिने गोर्गोनावर काढले. बेटावर इतके साप, की ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या गोर्गन राक्षसिणींचं नाव त्याला मिळालं. तेच नाव पुढे नकाशावर राहिलं. त्यानंतर काही वर्षांतच इंका साम्राज्य कोसळलं.

१९६० च्या सुमारास कोलंबिया सरकारने तिथे तुरुंग उघडला. भोवती शार्क, आत साप, त्यामुळे पळून जाणं जवळजवळ अशक्य. कैद्यांना जंगल तोडायला लावत. सरपण आणि बांधकाम दोन्ही त्यातूनच. कैद्यांच्या हालांबद्दल आणि जंगलाच्या नाशाबद्दल आरडाओरड झाल्यावर १९८४ मध्ये तुरुंग बंद झाला आणि बेट राष्ट्रीय उद्यान बनलं. आज त्या तुरुंगाच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत आणि जंगल बऱ्याच अंशी परत उगवलं आहे. म्हणजे आपला शिंगवाला किडा माणसाच्या तीन कारकिर्दी तिथेच बसून जगला: लुटारूंची, जेलरांची आणि वनरक्षकांची. त्याच्या लेखी काहीच बदललं नसेल असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. झाडं तुटली तेव्हा त्याचं घर तुटत होतं. फक्त ती नोंद कोणी ठेवली नाही, कारण ज्याला नाव नाही त्याची नोंद ठेवायची कोणत्या रकान्यात?

आता यंत्राचा इतिहास.

किडे आवाज करतात आणि दुसरे किडे तो ऐकतात, हे आपल्याला उघड वाटतं. पण ते सिद्ध करायला विसावं शतक उजाडावं लागलं. रातकिड्याची मादी नराकडे जाते ती आवाजामुळे, वासामुळे की डोळ्यांनी पाहून? योहान रेगेन या स्लोव्हेनियन शास्त्रज्ञाने १९१३ साली एक झकास प्रयोग मांडला. नर एका खोलीत, टेलिफोनसमोर. मादी दुसऱ्या खोलीत, रिसीव्हरजवळ. तारेतून फक्त आवाज जाऊ शकतो. वास नाही, दृश्य नाही. मादी रिसीव्हरकडे चालत गेली. फोनवरून जुळलेली ही बहुधा प्राणिजगतातली पहिली जोडी. भेट मात्र झाली नाही.

रेगेनचा टेलिफोन माणसाच्या कानासाठी बनवलेला होता. माणसाच्या कानापलीकडचं ऐकायचं तर वेगळं यंत्र लागतं, आणि ते आलं हार्वर्डमधून. जॉर्ज वॉशिंग्टन पियर्स हा तिथला भौतिकशास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. क्वार्ट्झचा स्फटिक वापरून ठोका देणारं जे सर्किट आपण ‘पियर्स ऑसिलेटर’ म्हणून परीक्षेत काढतो, तो हाच पियर्स. आजही असंख्य डिजिटल चिप्सचं घड्याळ त्याच रचनेवर चालतं. या गृहस्थांना किड्यांच्या आवाजाचा नाद होता. त्यांनी असं उपकरण बनवलं, की जे उच्च वारंवारतेचा आवाज खाली आणून माणसाला ऐकवत असे.

१९३८ साली हार्वर्डमधला एक विद्यार्थी, डोनाल्ड ग्रिफिन, आपली वटवाघळं घेऊन पियर्सच्या प्रयोगशाळेत गेला. वटवाघळं अंधारात भिंतीला धडकत कशी नाहीत, हे कोडं इटलीत स्पालांझानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस घातलं होतं. वटवाघळाचे कान बंद केले की ते धडकतं, इथवर कळलं होतं. पण आवाज तर कोणालाच येत नव्हता. पियर्सच्या यंत्रासमोर वटवाघूळ धरलं आणि यंत्र बोलू लागलं. दोघांनी मिळून निबंध लिहिला आणि त्या आवाजांना शब्द वापरला ‘सुपरसॉनिक’, म्हणजे ध्वनीच्या वरचे. पुढे विमानं आवाजापेक्षा वेगाने उडू लागली, तो शब्द त्यांनी पळवला, आणि या आवाजांना ‘अल्ट्रासॉनिक’ म्हणायची पद्धत पडली. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे.

मला या हकिकतीत आवडतं ते हे, की यंत्र किड्यांसाठी बनलं आणि प्रसिद्धी वटवाघळांनी खाल्ली. प्रत्यक्षात हे दोन इतिहास एकच आहेत. जंगलात वटवाघळं किडे खातात, म्हणून वटवाघळाचं ऐकणं आणि किड्याचं गाणं एकमेकांना घडवत आले आहेत. पनामामध्ये काम करणाऱ्या जॅकलिन बेलवुड आणि ग्लेन मॉरिस यांनी १९८७ साली दाखवलं, की तिथली काही वटवाघळं केटीडिडच्या गाण्याचा माग काढत येऊन त्याला उचलतात. त्यामुळे तिथल्या अनेक जाती फार थोडं गातात, आणि काही तर गाण्याऐवजी फांदी हलवून तिच्यातून निरोप पाठवतात. गाणं म्हणजे लग्नाची जाहिरात आणि मृत्यूला आमंत्रण, दोन्ही एकाच श्वासात.

श्वासात म्हटलं खरं, पण हे किडे गळ्याने गात नाहीत. पंखाने गातात. डावा पंख उजव्यावर असतो. डाव्याच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातेरी शीर आणि उजव्याच्या कडेला एक धारदार खरवडणी. पंख मिटताना खरवडणी दातांवरून सरकते. कंगव्यावरून नख फिरवून पाहा, तोच प्रकार. गोर्गोनेन्सिसच्या बाबतीत एक दात म्हणजे एक कंपन. म्हणजे २३ किलोहर्ट्झसाठी खरवडणी सेकंदाला २३,००० दात या वेगाने सरकली पाहिजे. अर्थात प्रत्यक्ष ठोका सेकंदाचा अगदी बारीक अंश टिकतो. उजव्या पंखावर काचेसारखा पातळ पडदा असतो. तो याच वारंवारतेला घुमतो, आणि म्हणून सूर खरखरीत न येता स्वच्छ, एकसुरी येतो. २३ किलोहर्ट्झच्या लाटेची हवेतली लांबी काढली तर ती जेमतेम दीड सेंटिमीटर भरते. एवढीशी लाट पानापानांवर आपटते, विखुरते आणि लवकर विरते. हे दूरवर ओरडून सांगणं नव्हे. जवळच्या फांदीवरच्या एकीलाच कळावं, अशी ही कुजबुज आहे.

तिसरा इतिहास नाव देण्याचा. इथे मला माझ्या धंद्याची आठवण येते, कारण जीवशास्त्राची नामकरण पद्धत म्हणजे जगातला सगळ्यात जुना चालू डेटाबेस आहे. १७५८ साली लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांच्या नावांचं खातं तिथून सुरू झालं असं मानतात. दोन शब्दांचं नाव: पहिला कुळाचा, दुसरा व्यक्तीचा म्हणा हवं तर. दोन प्राण्यांचं नाव एक असू नये, आणि एका प्राण्याला दोन नावं पडली तर साधारणपणे जुनं टिकतं. हे नियम सांभाळायला आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्यांचं पुस्तक वाचताना मला सारखं वाटत होतं, की ज्याने कोणी हे लिहिलं त्याने भरपूर गोंधळ निस्तरलेला असणार.

या पद्धतीतली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे ‘होलोटाइप’. नवी जात जाहीर करायची तर एक विशिष्ट, खराखुरा नमुना नेमून द्यावा लागतो, आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला आहे ते सांगावं लागतं. २००० सालापासून प्राण्यांच्या नव्या जातींसाठी ही नेमणूक सक्तीची आहे. नाव वर्णनाला चिकटत नाही, त्या एका टाचणी टोचलेल्या देहाला चिकटतं. वर्णन चुकलं असेल, चित्र वाईट असेल, लेखक वारलेला असेल. शंभर वर्षांनी कोणीही कपाट उघडून मूळ नमुना पाहू शकतो. आमच्याकडे कागदपत्रं आणि कोड यांत भांडण झालं की कोड खरा मानतात. तसंच काहीसं.

पण मेलेला नमुना गात नाही, आणि अडचण तिथेच आहे. बी. बी. फुल्टन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलिनातल्या रातकिड्यांवर वर्षानुवर्षं काम करून १९५२ साली दाखवलं, की दिसायला एकसारखे, एकाच नावाखाली मोडणारे रातकिडे प्रत्यक्षात वेगवेगळ्या गटांचे होते. ते एकमेकांशी संकर करत नव्हते आणि त्यांची गाणी वेगळी होती. टाचणीवर ते एक होते, शेतात अनेक. तेव्हापासून या गटात गाणं हे पंखाच्या आकाराइतकंच महत्त्वाचं लक्षण मानलं जाऊ लागलं. शेवटी जात म्हणजे काय, हे माणसाने ठरवून चालत नाही. मादी कोणत्या गाण्याकडे चालत जाते, यावर ते ठरतं. रेगेनच्या टेलिफोनने हेच सांगितलं होतं.

म्हणून कोपिफोरा गोर्गोनेन्सिसचा जन्मदाखला दोन प्रकारच्या पुराव्यांवर उभा आहे. एकीकडे शिंगाचा आकार, पंखांच्या शिरा, नराच्या शेपटाकडचे अवयव, म्हणजे लिनियसच्या काळातल्या माणसालाही समजेल असं वर्णन. दुसरीकडे गाण्याचं मोजमाप आणि पंख कसा घुमतो याचा लेसरने केलेला अभ्यास. त्या निबंधाच्या शीर्षकातच आधी ध्वनिनिर्मिती येते आणि मग किड्याचं नाव. आणि ‘गोर्गोनेन्सिस’ म्हणजे फक्त ‘गोर्गोनाचा’. पुणेकर, नागपूरकर म्हणतो तसा हा गोर्गोनाकर. ग्रीक राक्षसीण, स्पॅनिश लुटारू आणि लॅटिन प्रत्यय, एवढं सगळं त्या बिचाऱ्याच्या आडनावात आलं.

नाव दिल्यावर काय झालं, हे पाहिलं की नाव का द्यायचं ते कळतं. केटीडिडचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या खाली असतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. ते आतून चालतात कसे, हे मात्र नीट कळत नव्हतं. याच गोर्गोनाकराचा पाय ब्रिस्टलमध्ये तपासताना मॉन्टेअलेग्रे-झेड आणि डॅनियल रॉबर्ट यांच्या गटाला आत दाबाखाली भरलेल्या द्रवाची एक पिशवी सापडली. क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्रं काढली, लेसरने कंपनं मोजली, आणि २०१२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला. कानाचा पडदा, त्याच्या कंपनाला तरफेसारखी पुढे देणारी लहानशी पट्टी, आणि मग द्रवातून सरकत जाणारी लाट, जी वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळ्या जागी पोहोचवते. बाहेरचा कान, मधला कान, आतला कान: माणसाच्या कानाची तीच तीन पायऱ्यांची योजना, एक मिलिमीटरपेक्षा कमी लांबीत. माणसाच्या कानातली ती सरकती लाट दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं होतं. आपला आणि किड्याचा समाईक पूर्वज ऐकूही शकत नसावा इतका जुना. तरी दोन्ही वाटा एकाच उत्तराशी पोहोचल्या.

२०२२ मध्ये याच जातीवर आणखी एक काम आलं. पायातल्या कानावर त्वचेच्या छोट्या पाकळ्या असतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की या पाकळ्या २३ किलोहर्ट्झच्या प्रेमगीतासाठी नाहीतच. त्या ६० किलोहर्ट्झच्या वरच्या आवाजांना मोठं करतात, म्हणजे जवळ येणाऱ्या वटवाघळाच्या हाकांना. एकाच कानात एक दार प्रेयसीसाठी आणि एक यमदूतासाठी.

दरम्यान २०१४ साली मॉन्टेअलेग्रे-झेड, ग्लेन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया-इक्वाडोरच्या वर्षावनातली एक अख्खी नवी प्रजाती जाहीर केली. तिच्यातले किडे ११५ ते १५० किलोहर्ट्झवर गातात. कुठलाही स्नायू इतक्या वेगाने पंख ओढू शकत नाही. काही जातींत खरवडणी आधी धनुष्यासारखी वाकते आणि मग सुटते, असं आढळलं आहे. या प्रजातीचं नाव ठेवलं ‘सुपरसोनस’. विमानांनी पळवलेला शब्द किड्यांना परत मिळाला. त्यातल्या एका जातीचं नाव आहे ‘सुपरसोनस पियर्सी’. ऑसिलेटरवाल्या प्राध्यापकांना याहून योग्य स्मारक मला तरी सुचत नाही.

आपल्या बाजूलाही हे काम चालतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि स्वाती दिवाकर यांनी पश्चिम घाटात कुद्रेमुखच्या सदाहरित जंगलातल्या रातकिड्यांची आणि केटीडिडची गाणी नोंदवली, आणि शिकवलेला मानवी कान नुसत्या ऐकण्यावरून जाती ओळखू शकतो, हे तपासून दाखवलं. कान लावून जंगलाची शिरगणती करायची ही पद्धत स्वस्त आहे आणि त्यात एकही किडा मरत नाही. पण तिची एक अट आहे: आधी कोणीतरी गाणं आणि नाव यांची जोडी लावून ठेवलेली हवी. आणि २३ किलोहर्ट्झवर गाणाऱ्यांसाठी कानासोबत यंत्रही हवं.

नाव दिल्याने किडा वाचतो का? नाही. होलोटाइप कपाटात सुरक्षित असला म्हणजे जंगलातले त्याचे भाऊबंद सुरक्षित असतातच असं नाही. गोर्गोनावर गेली काही वर्षं तटरक्षक दलाचा धक्का आणि रडारचा मनोरा उभारण्यावरून वाद आहे. सरकारच्या मते अमली पदार्थांची तस्करी रोखायला ते हवं. शास्त्रज्ञ आणि किनाऱ्यावरच्या अनेक रहिवाशांच्या मते त्याने तुरुंगाच्या काळातून सावरलेलं बेट पुन्हा दुखावेल. दोन्ही बाजूंना म्हणायला काहीतरी आहे. पण या वादात बेटाच्या बाजूने कागदावर काय मांडता येतं, याचा विचार करा. इथे ‘पुष्कळ किडे आहेत’ हे वाक्य कोणत्याही सुनावणीत टिकत नाही. इथे कोपिफोरा गोर्गोनेन्सिस आहे, त्याचा मूळ नमुना अमुक ठिकाणी आहे, त्याचं वर्णन याच बेटावरून झालं आहे आणि त्याच्या पायातल्या कानाने आपल्याला ऐकण्याबद्दल अमुक शिकवलं, हे टिकतं. १९६० मध्ये कुऱ्हाडी चालल्या तेव्हा असं वाक्य कोणाकडेच नव्हतं.

केटीडिडच्या साधारण ८,००० जातींना आतापर्यंत नावं मिळाली आहेत, आणि दर वर्षी त्यात भर पडते. त्यातल्या कितीतरींचं गाणं अजून कोणी नोंदवलेलं नाही. नाव आहे, आवाजाचा रकाना रिकामा. सेकंदाला लाखो नमुने घेणारे मायक्रोफोन आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाहीत. फाइली चाळायला आमच्यासारखे लोक आहेत आणि आम्हाला दिवसभर याहून फार रंजक काम असतं असंही नाही. कुठल्या तरी जंगलात आज रात्रीही कोणीतरी आपल्या डोक्यावर दोन हातांवर बसून आपली सगळी ओळख मोठ्याने सांगत असणार. ती लिहून घेणं एवढंच काम उरलं आहे.